आधी नमुना, मग डिंक

नमस्कार. तुमचा आक्षेप असा की, किनाऱ्यावरच्या उत्खननात सापडणाऱ्या जुन्या दफनांतली ओली हाडे फेविकॉल लावल्याशिवाय उचलता येत नाहीत आणि भरती तासाभरावर असताना माझ्या लेखातला ‘डिंक लावू नका’ हा सल्ला पुस्तकी ठरतो.

बोटात कुस्करणाऱ्या हाडाला बळकटी द्यावीच लागते, हे मान्य. लेखातले माझे वाक्य सरसकट होते, तिथे चुकलेच. पण फेविकॉल नको, आणि पहिल्या क्षणी तर नाहीच.

मुख्य वैरी मीठ. ते हाडाच्या छिद्रांत मुरलेले असते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांखाली गेली की त्याचे खडे बनतात, वर गेली की ते पुन्हा विरघळते. मुंबईत जुलैची दमट हवा आणि जानेवारीची कोरडी दुपार ही रेषा ओलांडतात. साठवणीच्या खोलीतला एसी दिवसा चालू, रात्री बंद असेल तर रोजच. दर फेरीत खडे हाडाचा एकेक पापुद्रा उचलतात. वर डिंक असेल तर पापुद्रा त्याच्यासकट सुटतो, शिवाय मीठ धुऊन काढायची वाटही बुजते. म्हणून मीठ निघेपर्यंत हाड ओलेच ठेवायचे, सावलीत. धुताना पाण्याची विद्युतवाहकता मोजत पाणी बदलायचे; किती मीठ अजून निघतेय ते तीच सांगते.

दुसरे नुकसान कालमापनाचे. अशा डिंकातला कार्बन खनिज तेलातून येतो, त्यात कार्बन-१४ (काळाबरोबर घटणारा, ज्यावरून हाडाचे वय मोजतात तो कार्बन) उरलेलाच नसतो. अंश राहिला तरी हाड खऱ्याहून जुने ठरते. मासे-कालवे खाणाऱ्यांचे वय समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे मुळातच काहीशे वर्षे जास्त येऊ शकते, त्यात ही भर! तेव्हा आधी हातमोजे घालून दोन दात आणि कानाजवळचे टणक हाड फॉइलमध्ये, सोबत वय पडताळायला त्याच खड्ड्यातला कोळसा, शक्यतो काटकीचा.

आता तो तास. स्केल ठेवून चारी बाजूंनी, एकावर एक चढणारे फोटो. मग सांगाडा वाळूसकट उचलायचा, पण एकसंध नाही: १०० × ७० × ३० सेंमीचा ओला ठोकळा ४०० किलोच्या आसपास जातो. कवटी आणि कमरेचा भाग वेगळे घ्या. भोवती चर खणा, वाळू फवाऱ्याने ओली ठेवा (सुकली की ओघळते), ओला टिश्यू, वर प्लास्टिक, मग प्लास्टरच्या पट्ट्या, आणि खालून पत्रा सरकवा.

तरीही एखादे हाड ढासळत असेल तर पाण्यात मिसळणारे पातळ ॲक्रिलिक, ब्रशने, फक्त त्या जागी. ॲसिटोनमधले पॅरालॉइड (तेही एक ॲक्रिलिक) ओल्या हाडावर पांढरे पडते, ते हाड सुकल्यावरच लावायचे. लेखातले वाक्य आता असे वाचा: ‘नमुने निघेपर्यंत डिंक लावू नका.’