पाण्यावर गायलं की राजकारण, प्रचाराचं गायलं की धंदा

आमच्यातला एक पोरगा ऑर्केस्ट्रात गातो, नाव घेत नाही. उन्हाळ्यात पाण्याच्या मोर्चात यानं स्वतःच लिहिलेलं एक गाणं म्हणलं, साथीला एक हलगी, बास. उशाला उजनी धरण अन् नळाला चार-चार दिवसांनी पाणी, एवढंच होतं त्यात, कुठल्या पक्षाचं नाव नाही का काय नाही. (खरं सांगू का, दुसरं कडवं जरा पडेल होतं.) व्हिडिओ फिरला अन् आठवड्यात एका मंडळानं त्याची सुपारी कॅन्सल केली. का तर म्हणे "कलाकारानं राजकारणात पडू नये बे".

आता हाच पोरगा इलेक्शनला प्रचाराची गाणी रेकॉर्ड करतो. मी स्वतः स्टुडिओत बसलेलो, सकाळी एका उमेदवाराचं, दुपारी त्याच वॉर्डातल्या दुसऱ्याचं, ट्रॅक तोच, नाव अन् चिन्ह तेवढं बदललं. दुसऱ्याचं आडनाव लांबलचक, तालात बसंना, चार टेक गेले. शेवटी आडनावच उडवलं अन् नुसतं "भाऊ" ठेवलं. तीच गाणी रिक्षावर लावून ह्याच मंडळाची पोरं गल्लीगल्ली फिरली, तेव्हा नाही कुणाला राजकारण दिसलं!

अन् हे कुठं, तर आपल्या सोलापूर जिल्ह्यात. शाहीर अमर शेख बार्शीचे. गिरणीत राबलेला, संपात उतरलेला माणूस. १९४४ ला अण्णा भाऊ साठे अन् गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक काढलं, पुढं संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव सभा गाजवल्या. उघड कम्युनिस्ट होते, लपवाछपवी नाही. मला स्वतःला त्यांचं सगळं राजकारण पटतं असं नाही, पण १ मे ला स्टेटसला त्यांचा फोटो टाकायचा अन् आपल्या गल्लीतल्या पोराला मात्र गप बस म्हणायचं, हे कसं काय जमतं लोकांना? शाहीर मेला की थोर, जित्ता असला की डोक्याला ताप.

प्रत्येक गायकानं मोर्चात यावंच असं माझं म्हणणं नाही. ज्याला नुसती भक्तिगीतं गायचीत त्यानं ती खुशाल गावीत, त्याचा पण संसार हाय.

काल तो पोरगा भेटला तेव्हा विचारत होता, व्हिडिओ डिलीट करू का, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या टायमाच्या सुपाऱ्या जातील म्हणून. मला पटकन उत्तर देता येईना, घरी त्याच्या दोन पोरी हायत, फी मी भरणार हाय का? शेवटी ठेव म्हणलो. आज सकाळी बघितलं, अजून तरी हाय.