प्रभाग महिला राखीव झाला? धीर धरा, भाऊ!

सोडतीच्या चिठ्ठीनं घात केला ना, भाऊ? वर्षानुवर्षं दहीहंडी भरवलीत, मंडळाला मांडव दिलात, कुणाचा दशक्रिया विधी चुकवला नाहीत, आणि नेमकी तुमचीच जागा 'सर्वसाधारण महिला'! खचू नका. १९९२च्या घटनादुरुस्तीनं बायकांना महापालिकांत एक तृतीयांश जागा दिल्या, २०११मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्यावर नेल्या. तरी पुण्यातले भाऊ, दादा, अण्णा जागच्या जागी आहेत. घटनेत नवऱ्यांबद्दल अक्षर नाही.

आधी फ्लेक्स. वहिनींचा फोटो लागणारच (नाइलाज आहे), पण तुमचा त्याहून मोठा, गॉगल लावलेला. नावाआधी 'सौ.' हवंच. मोबाइल नंबर तुमचा. नळाला पाणी का नाही, असल्या चौकशीचा त्रास बाईमाणसाला कशाला! हळदीकुंकवाला वहिनी, पैठणीच्या खेळाला वहिनी, भाषणाला तुम्ही.

निवडून आल्या की फाइल धरायच्या निमित्तानं सोबत जा. क्षेत्रीय कार्यालयात साहेब चहा तुम्हालाच विचारतील, त्यांना सवय आहे. मुख्यसभेत मात्र आत घेत नाहीत. तिथं प्रेक्षक कक्षातून खुणा करा.

खरा धोका अंदाजपत्रकाचा. ते जाडजूड पुस्तक घरी आलं की थेट माळ्यावर टाका. एकदा का वहिनींनी त्यातली 'स' यादी (नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं) उघडली, की संपलं. धडधाकट बाकडी बदलायची कशाला? चांगले पेव्हिंग ब्लॉक उखडून पुन्हा तेच का? ज्यूटच्या पिशव्यांवर कुणाचा फोटो? आणि भाजी मंडईतल्या बायकांसाठी स्वच्छतागृह कोणत्या पानावर आहे? असं काही विचारलं की ठेकेदार बिथरतो, आणि फोन तुम्हाला करतो. म्हणून त्यांना वेळीच महिला व बालकल्याण समितीत गुंतवा, शिवणयंत्रं वाटू द्या. स्थायी समितीचं नाव घरात काढूच नका. तिथं पैसे मंजूर होतात.

एवढं करूनही काही बायका हाताबाहेर जातात. लेखी प्रश्न टाकतात, भल्या पहाटे पाण्याच्या टाकीवर जाऊन व्हॉल्व्हमनला गाठतात, लोकांना स्वतःचा नंबर देतात. तशी वेळ आली, तर पुढच्या सोडतीत प्रभाग खुला झाला म्हणून पेढे वाटत सुटू नका. खुल्या जागेवर बाईला मनाई नाही, हे तोवर वहिनींनी वाचलेलं असतं. तिकीट मागायला जाण्याआधी पक्ष कार्यालयात हळूच चौकशी करा. तिथल्या यादीत तुमची नोंद 'ताईंचे मिस्टर' अशी असेल.