सात दिवस, पासष्ट किलोमीटर आणि तुमचा टोला

नमस्कार,

मॉरिशसच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती आणि तिखटही, पण वाचून लिहिलेली होती, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमचं म्हणणं असं की, जेमतेम पासष्ट किलोमीटर लांबीच्या बेटावर सात दिवस गाडी हाकणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया, तुम्ही टॅक्सीने 'नॉर्थ टूर' आणि 'साउथ टूर' करून दोन दिवसांत सगळं पाहिलंत. शिवाय मी समुद्राला दोन ओळी दिल्या आणि मजूर जिथे उतरायचे त्या बंदरातल्या धक्क्याला चार परिच्छेद. तिथे रस्त्यावर मिळणाऱ्या 'धोल पुरी'ला मी पुरणपोळीची बहीण म्हणालो ते धादांत खोटं. आणि परदेशात मराठी दिसलं की आपल्या लोकांना उगाच गहिवर येतो, त्यातलाच माझा शेवटचा परिच्छेद.

आधी पुरीचं, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. धोल पुरीचं नातं भोजपुरी दालपुरीशी आहे. मॉरिशसला गेलेल्या मजुरांत सर्वाधिक लोक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाकडचे होते, ती त्यांच्याबरोबर गेली. गूळ नाही, वेलदोडा नाही, डाळ वाटाण्याची. 'बहीण' हा शब्द मी लेख उरकण्याच्या घाईत ठेवून दिला. आता काढलाय.

पण पुरी कशी खाल्ली ते मूळ लेखात लिहायचं राहिलंच. राजधानी पोर्ट लुईच्या बाजाराबाहेर एका काचेच्या पेटीमागे बाई उभ्या होत्या. पेटीत फडक्याखाली पुऱ्यांची चळत. पुरी हा शब्द फसवा आहे, कारण ती तळलेली नसते. तव्यावर भाजलेली, रुमालासारखी मऊ, हळदीने पिवळसर. मागितली की दोनच मिळतात, एक कोणी विकत नाही. बाईंनी दोन्ही एकावर एक पसरल्या, घेवड्याच्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा 'रुगाय' आणि कोथिंबिरीची चटणी चमच्याने ओढली, एका शब्दात विचारलं, 'पिमां?' म्हणजे मिरची घालू का? मी मान डोलावली. गुंडाळी कागदात आली आणि पहिल्या घासाला डाळीचा कोरडा चुरा जिभेवर सुटला. अगदी बारीक, पुरणासारखा वाटलेला नव्हे. तिथेच मला कळायला हवं होतं की ही पुरणपोळी नव्हे. चटणीला ते 'सातिनी' म्हणतात. तेवढ्यावर मी पाघळलो, हे कबूल.

आता सात दिवसांचं. पासष्ट किलोमीटर हा आकडा खरा आहे आणि रुंदी तर पंचेचाळीसच्या आसपास. पण अंतर मोजायला आम्ही गेलो नव्हतो. विमानतळ आग्नेयेला आहे. तिथून बाहेर पडून माहेबूर्ग गावाकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतात, काही तर पायऱ्यापायऱ्यांचे, पिरॅमिडसारखे रचलेले. पहिल्या दिवशी मला ते देवळाचे अवशेष वाटले. जुलै होता, तोडणी चालू होती. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो, ओलांडायला जागा नव्हती, म्हणून गाडी कडेला घेतली आणि एका ढिगापाशी गेलो. साधा बेसॉल्ट. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत दगडच दगड. ऊस लावायचा तर ते आधी वेचून काढायला हवेत. ते हातांनी वेचले, आधी गुलामांनी आणि नंतर करारावर आणलेल्या मजुरांनी. तुमच्या टॅक्सीच्या काचेतूनही हे ढीग दिसले असतील. पण साउथ टूरवाल्याला त्याच दिवशी क्युरपीपचं विवर, गंगा तलाव आणि शामारेल उरकायचं असतं. उसाच्या शेताशी तो कशाला थांबेल?

म्हणूनच 'इतिहास जास्त, निसर्ग कमी' ही तक्रार मला पटत नाही. तिथे या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात का, हेच मला कळत नाही. डच १५९८ मध्ये आले, डोडो शतकाच्या आत संपला, आबनुसाचं जंगल तोडलं गेलं. त्या जंगलाचा किनाऱ्यावरचा शिल्लक तुकडा बघायचा तर माहेबूर्गजवळच्या इल ओ ऐग्रेतला होडीने जावं लागतं. बेट फक्त २६ हेक्टरचं. तिथे आम्ही गुलाबी कबुतर पाहिलं. १९९० च्या सुमारास जंगलात ही कबुतरं दहाच्या आसपास उरली होती, आज काही शे आहेत. आमच्यापासून हातभर अंतरावरच्या फांदीवर ते ढिम्म बसून होतं, आणि माणसाला इतकं न घाबरणारं पाखरू पाहून डोडोचं काय झालं असेल हे सांगायची गरज उरली नाही.

माहेबूर्गचं संग्रहालय तुम्ही 'जुन्या तोफा' म्हणून उडवून लावलंत. असू दे. मला मात्र संग्रहालयाच्या त्या जुन्या घरातली एकच गोष्ट पुरली. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या खाडीत इंग्रज आणि फ्रेंच आरमार भिडलं, फ्रेंच जिंकले, आणि दोन्ही बाजूंचे जखमी कप्तान, इंग्रज विलोबी आणि फ्रेंच द्युपेरे, उपचारांसाठी याच एका घरात आणून ठेवले होते. फ्रेंचांनी त्या लढाईचं नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलं. बेट मात्र त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी घेतलं.

ल मॉर्नबद्दल तुम्ही लिहिलंत, 'डोंगर चढायचा तर सह्याद्री काय वाईट आहे?' काहीच वाईट नाही. ५५६ मीटर म्हणजे आपल्याकडे कोणी मान वर करून बघणार नाही. आम्ही तर माथ्यापर्यंत गेलोही नाही. शेवटच्या टप्प्यात हातापायांनी खडक चढायचा होता, बायकोच्या गुडघ्याने नकार दिला आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. पण पळून आलेले गुलाम या कड्यांच्या आधाराने लपून राहायचे. दंतकथा अशी की, १८३५ मध्ये गुलामी संपली हे सांगायला शिपायांची तुकडी आली, लोकांना वाटलं धरायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. हे ऐकून त्याखालचा निळाशार समुद्र बघणं वेगळं असतं.

आणि गुलामी संपली म्हणूनच पोर्ट लुईचा तो धक्का, आप्रवासी घाट. मळ्यांना माणसं हवी होती, भारतातून करारावर आणली. घाटावरचं आगार १८४९ चं, आणि तिथून सुमारे साडेचार लाख माणसं बेटावर उतरली. चार परिच्छेद जास्त झाले असं तुम्हाला वाटतं, मला कमी वाटतात. त्यात मुंबईहून जहाजात बसलेले कोकणातले लोकही होते. कारकुनाने वहीत माणसाचं पाळण्यातलं नाव लिहिलं आणि अनेक घरांत तेच पुढे आडनाव झालं. गाव गेलं, आडनाव गेलं.

इथे तुमचा गहिवराचा मुद्दा येतो. 'सातासमुद्रापार मराठी जिवंत' वगैरे वाक्यं मी लिहिली, ती भाषणातली आहेत, खरंच. तिथल्या मराठी घरांतही रोजचं बोलणं बहुतेक क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत चालतं. मराठी शाळेत शिकतात, पूजेत येते. पण गणपतीत ते 'झाकरी' नाचतात. रत्नागिरीकडच्या कोणालाही विचारा, ही आपली जाखडी. दीडशेहून अधिक वर्षांत आडनाव पुसलं गेलं आणि पायातला ठेका मात्र टिकला, याचं मला नवल वाटलं तर तो गहिवर पदरात घ्या.

समुद्राचं मात्र तुमचं खरं. कमी लिहिलं, कारण कमी पाहिला. जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, पूर्व किनाऱ्यावर मुक्काम ठेवण्याची चूक माझी. त्या दिवसांत आग्नेयेचा वारा सतत असतो. बेल मारच्या वाळूवर आम्ही स्वेटर घालून बसलो होतो. पश्चिमेला तेव्हाच लोक निवांत पोहत होते. सुयाकजवळ ग्री ग्रीला प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे तासभर बसलो, पण तिथे पाण्यात उतरायचं नसतं.

शेवटी तुम्ही विचारलंत की, सत्तरीच्या आईवडिलांना न्यायचं तर यातलं काय ठेवू. ल मॉर्न सोडा. पांप्लमूसची बाग सकाळी लवकर करा, परातीएवढी कमळपानं सावलीतून बघता येतात. हॉटेलं दोनच ठेवा, एक माहेबूर्गकडे, एक पश्चिमेला. गाडी डावीकडूनच चालवायची असते, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. अंधार मात्र हिवाळ्यात सहाच्या सुमारास पडतो आणि उसातले रस्ते अरुंद आहेत, तेव्हा आधी मुक्कामी पोचा. आणि पोर्ट लुईत गाडी लावण्याआधी पार्किंगचे पैसे कसे भरायचे ते विचारून घ्या. आम्ही गेलो तेव्हा कुपनं घ्यावी लागत. मी घेतली नव्हती. पुरी खाऊन परतलो तर काचेवर दंडाची चिठ्ठी.