केपची नसलेली केपेन्सिस

वकिलाची लेक चिलीत, सांतियागोला असते. रविवारी तिने फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘बाबा, इथली चिमणी’. वकिलाने मोबाइल कट्ट्यावर फिरवला. राखाडी डोकं, त्यावर काळे पट्टे, मागे किंचित उभारलेला तुरा, गळा पांढरा आणि मानेवर विटकरी पट्टी. अंगाने आपल्या चिमणीएवढीच.

मास्तरांनी उभी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवलं. चष्मा वर करून त्यांनी फोटो नीट पाहिला. “झोनोट्रिकिया केपेन्सिस. आणि ही चिमणी नव्हे.”

“केपेन्सिस म्हणजे?” मी विचारलं.

“केपची. आफ्रिकेच्या टोकाला केप ऑफ गुड होप आहे ना, तिथली.”

“पण पक्षी तर चिलीतला!”

“चिलीतला, अर्जेंटिनातला, ब्राझीलमधला. मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून खाली थेट दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगोपर्यंत. आफ्रिकेत मात्र तो मुळातच नाही.”

नाना तलाठी म्हणून निवृत्त झालेत. चुकीच्या नोंदीचा विषय निघाला की ते सरसावून बसतात. “ही चूक केली कोणी?”

मास्तर सांगू लागले. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बुफाँ या निसर्गअभ्यासकाच्या पक्षिग्रंथासाठी रंगीत चित्रं छापली जात होती. त्यातल्या या पक्ष्याच्या चित्राखाली ‘केप ऑफ गुड होपचा भारीट’ असं छापलं गेलं. भारीट म्हणजे दाणे टिपणारं चिमणीसारखं पाखरू. जर्मनीतल्या एर्लांगेनचे प्राध्यापक श्टाटियुस म्युलर यांनी त्याच्याच आधारे १७७६ साली नाव दिलं, फ्रिंजिला केपेन्सिस. पुढे चूक ध्यानात आली. मूळ ठिकाण म्हणून आता फ्रेंच गियानातलं कायेन धरतात.

“म्हणजे गाव दुरुस्त केलं आणि नाव तसंच ठेवलं?” नाना म्हणाले. “अहो मास्तर, लेखनप्रमाद असला तर आमच्याकडे महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती होते. आडनावात एक अक्षर चुकलं म्हणून माणसं पीककर्जासाठी हेलपाटे घालताना मी पाहिलीत. तेव्हा चुकीची नोंद ठेवायची नसते!”

“अक्षराची चूक प्राणिनामांच्या नियमावलीतही सुधारता येते, नाना. पण नावाचा अर्थ वस्तुस्थितीला धरून नाही, एवढ्यावर नाव बाद होत नाही. तिथे कलम १८ आहे. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या १७५८च्या ग्रंथापासून पुढे जे नाव आधी दिलं गेलं, सहसा तेच चालतं.”

मला हे पटेना. खोटं आहे हे माहीत असून पोरांना तेच शिकवायचं? मास्तरांनी स्वर्गपक्ष्याचं उदाहरण दिलं. न्यू गिनीकडून युरोपात त्याची कातडी येत, त्यांचे पाय आधीच काढलेले असत. लिनियसने नाव दिलं आपोडा, म्हणजे बिनपायाचा. पाय आहेत हे आज शेंबडं पोरही सांगेल, पण नाव तेच आहे. प्रत्येक पिढीने आपापल्या समजुतीप्रमाणे नावं बदलली, तर संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या आणि अडीचशे वर्षांचं लिखाण एकमेकांशी जुळायचं कसं?

“सर्व्हे नंबरासारखं,” वकील म्हणाला. “नंबराला अर्थ नसतो, पण सगळे व्यवहार त्याच्यावरच.”

“सर्व्हे नंबर खोटं बोलत नाही,” नाना म्हणाले. “हे नाव बोलतं. आणि केपला खरोखरच भारीट असेल, त्याचं काय?”

“आहे की. एम्बेरिझा केपेन्सिस, लिनियसने १७६६ साली नाव दिलेला. प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, वेगळी म्हणून दोन्ही नावं चालतात.”

हे नाव खोटं बोलतं, हे नानांचं म्हणणं मला अजूनही बरोबर वाटतं. नाव बदलू नये हे मास्तरांनी पटवलं, पण जिथे हे नाव शिकवतात तिथे ही चूकही सांगायलाच हवी.

मग मास्तरांनी खिशातल्या कागदावर पूर्ण नाव लिहिलं, पुढे कंसात ‘श्टाटियुस म्युलर, १७७६’. “हा कंस बघा. म्युलरने ज्या प्रजातीत घातलं होतं, तिथून पक्षी पुढे हलवला गेला, एवढंच तो सांगतो. झोनोट्रिकिया ही प्रजाती स्वेन्सन या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८३२ साली केली.”

नानांनी कागद हातात घेतला. “म्हणजे फेरफाराची नोंद आहे ही.”

“आणि आपल्या चिमणीच्या नावापुढेही लिनियस कंसातच असतो. तीही आधी फ्रिंजिलातच होती.”

मूळ खातं दोघींचं एकच, हे ऐकून वकील खूश झाला. लेकीचं ‘चिमणी’ खरं ठरलं, असं त्याला वाटलं. मास्तरांनी ते मान्य केलं नाही. फ्रिंजिला हे त्या काळी दाणे टिपणाऱ्या जाड चोचीच्या कितीतरी पाखरांचं सामाईक खातं होतं. या पक्ष्याला पुढे भारिटांच्या कुळात ठेवलं. डीएनए तपासल्यावर अमेरिका खंडांतल्या या ‘स्पॅरो’ मंडळींचं कूळच निराळं निघालं, पासरेलिडी. अमेरिकेतल्या पक्षितज्ज्ञांच्या संस्थेने ते २०१७ साली मान्य केलं. आपली चिमणी पासेरिडी कुळातली. इंग्रजांनी रूपावरून दोघींना एकच शब्द लावला, घोळ तिथून सुरू झाला. अर्जेंटिनात खरी चिमणी माणसाने नेली, तीही १८७०च्या दशकात.

“तिकडच्या लोकांचा घोळ होत नाही,” मास्तर म्हणाले. “अर्जेंटिनात चिमणीला गोरियोन म्हणतात आणि याला चिंगोलो. ब्राझीलमध्ये तिको-तिको, कोलंबियातल्या बोगोटात कोपेतोन म्हणजे तुरेवाला. चिलीत चिंकोल.”

पंचवीसच्या वर उपजाती आहेत याच्या. अगदी दक्षिणेकडच्या, ऑस्ट्रालिस नावाच्या उपजातीच्या डोक्यावर काळे पट्टे जवळपास नसतातच आणि थंडी पडली की ती उत्तरेला सरकते. शीळही मुलखागणिक बदलते. अर्जेंटिनात नोत्तेबोम यांनी या बोलींचा अभ्यास करून १९६९ साली तो प्रसिद्ध केला. चिलीतल्या लोकांना त्या शिळेत ‘माझ्या आगुस्तीन काकाला पाहिलंत का?’ असं ऐकू येतं. काका की मामा ते कळत नाही, स्पॅनिशमध्ये दोघांना शब्द एकच.

“आपला पावशा नाही का, पेरते व्हा म्हणतो!” नाना म्हणाले.

वकिलाने तिथेच लेकीला निरोप टाकला, “बाळा, ही चिमणी नाही, चिंकोल आहे. ओरडताना आवाज टिपून पाठव.” तिकडे मध्यरात्र उलटली असेल. उत्तर काही लगेच आलं नाही.