मेट्रो ४०० मीटरवर आहे, पण चालायचं कुठून?

पुण्यात कोथरूडमधल्या कुठल्याही रिडेव्हलपमेंटचा बोर्ड बघा. जिम, टेरेस गार्डन, ईव्ही चार्जिंग हे सगळं खाली बारीक अक्षरात असतं, आणि वर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, 'मेट्रो स्टेशन ४०० मीटर'. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं आहे. ते पायी कापायचं म्हटलं तर काय होतं, हे त्या बोर्डावर नसतं.

सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, पण मेट्रो त्यांना मनापासून आवडते. लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, गारवा आहे. अडचण घर ते स्टेशन एवढीच. दर सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो आणि गेट संपलं की पुन्हा चढतो. प्रत्येक चढाला त्या माझ्या खांद्यावर हात टाकतात. मधे एक डीपी, म्हणजे विजेची पेटी आहे, तिला वळसा घालायला रस्त्यावर उतरावं लागतं. पुढे चेंबरचं झाकण चार बोटं वर आलेलं. त्याच्यापुढे ब्लॉक उखडलेत, तिथे पावसात पाय पडला की खालचं पाणी साडीवर उडतं. संध्याकाळी सिग्नल लागला की दुचाक्या थेट फुटपाथवर चढतात आणि मागून हॉर्न वाजवतात. शेवटी आम्ही रिक्षा करतो. जाऊन-येऊन रिक्षाचे पैसे मेट्रोच्या तिकिटापेक्षा जास्त होतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. टीओडी, म्हणजे स्टेशनला धरून वस्ती वाढवायची पद्धत, हिचा आपल्याकडे वाढीव एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) एवढाच अर्थ उरला आहे. चालण्याचा भाग त्यातून गळून पडला. त्यामुळे स्टेशनजवळच्या घरांचे भाव चढले, पण त्या भावाच्या बदल्यात जी सोय मिळायला हवी ती मिळालीच नाही.

मुळातली कल्पना फार चांगली आहे. स्टेशनच्या आसपास जास्त लोक राहावेत, दुकानं, शाळा, दवाखाने चालत जाण्याजोगे असावेत आणि घरटी दोन गाड्या बाळगायची वेळ येऊ नये. आपल्या बांधकाम नियमावलीत त्यासाठी स्टेशनभोवती ५०० मीटरचं वर्तुळ आखलं आहे. त्यात रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार बघून, प्रीमियम (जादा बांधकामाचं शुल्क) भरून, ४ पर्यंत एफएसआय मिळू शकतो. पाचशे मीटर म्हणजे धडधाकट माणसाला सहा-सात मिनिटं. म्हणजे ते वर्तुळ आखलंय ते चालणाऱ्या माणसाच्या हिशोबाने! आणि त्यालाच चालायला जागा नाही.

मी डोंबिवलीत वाढले. तिथे असल्या योजना कुणी आखल्या नव्हत्या, पण अख्खं गाव स्टेशनच्या हिशोबाने चालायचं. जागेच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून चालत ७ मिनिटे' हे असायचंच, आणि मिनिटं वाढली की भाव उतरायचा. संध्याकाळची लोकल आली की बायका पुलावरून उतरून भाजी घ्यायच्या, दूध घ्यायच्या, शिंप्याकडे ब्लाउज टाकायच्या, मुलाला क्लासमधून उचलायच्या आणि घरी पोचायच्या. हे सगळं एकाच वाटेवर. आईने आयुष्यात कधी गाडी चालवली नाही आणि तिचं त्यावाचून काही अडलं नाही. गर्दी होती, धक्के होते, पावसाळ्यात चिखल होता, ते नाकारत नाही. पण बिनगाडीच्या माणसाला तिथे मानाने राहता यायचं. ज्यांना ती सात मिनिटं परवडली नाहीत ते बदलापूर, टिटवाळ्याकडे सरकले आणि रोजचा त्यांचा प्रवास तेवढा लांबला. चालत्या अंतरातली घरं थोडी आणि मागणारे खूप असले की असंच होणार.

पुण्यात आता तेच सुरू झालं आहे. मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो धावली, मार्च २०२४ मध्ये ती रामवाडीपर्यंत गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी मार्गिका स्वारगेटला पोचली आणि मंडई, कसबा पेठ अशी स्टेशनं थेट जुन्या शहराच्या पोटात उघडली. मंडईला लोक का लोटतात? कारण तिथून वर आलं की तुळशीबाग, बोहरी आळी, लक्ष्मी रोड सगळं पायाखाली आहे. पेठा मुळातच चालणाऱ्यांसाठी वसलेल्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड.

जून २०२५ मध्ये चांदणी चौक आणि वाघोलीपर्यंतच्या विस्ताराला केंद्राची मंजुरी मिळाली. तिथे अजून स्टेशन नाही, पण 'भावी मेट्रो' जागेच्या भावात केव्हाच धरली गेली आहे. वर एप्रिल २०२२ पासून पुण्यात घर घेताना १ टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजार रुपये. ज्याच्या दारात मेट्रो नाही तोही हे देतो. मेट्रो सगळ्यांच्या पैशाने आली, तर तिच्यामुळे वाढलेली किंमत फक्त जागामालक आणि बिल्डरच्या पदरात का पडावी?

आणि हे मी स्वतः त्या जागामालकांपैकी एक असून लिहिते आहे. आमची सोसायटी तीन मजल्यांची, प्रत्येक फ्लॅट साडेचारशे-पाचशे चौरस फुटांचा. रिडेव्हलपमेंटच्या सभेत वाढीव कार्पेट, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), शिफ्टिंगचं भाडं आणि पार्किंग यावर रात्री अकरापर्यंत चर्चा झाली. पार्किंगवर सगळ्यात जास्त. नवीन बिल्डिंगमध्ये दोन-दोन गाड्यांची सोय, आणि बाहेरची गल्ली आहे तेवढीच राहणार. स्टेशनजवळ दाट वस्ती करायची आणि प्रत्येकाच्या हातात गाडीची किल्ली द्यायची, याने काय साधतं?

दुसरी गोष्ट त्याहून जास्त टोचते. आमच्या बिल्डिंगमधले चार फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. एकात हॉस्पिटलमधल्या नर्स मुली, एकात बँकेत नुकता लागलेला मुलगा, एकात रिटायर्ड शिक्षक नवरा-बायको. ही माणसं खरोखर बसने, मेट्रोने, पायी जातात. जुन्या बिल्डिंगा पडल्या की हे छोटे वन बीएचके संपणार आणि त्यांच्या जागी टू-थ्री बीएचके येणार. ज्यांना मेट्रोची सगळ्यात जास्त गरज आहे तेच ५०० मीटरच्या बाहेर, बहुतेक पाच-सात किलोमीटर बाहेर, जाणार. आत येतील त्यांच्याकडे गाड्या असतील.

यावर आपल्याकडे कायदाच नाही असं नाही. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात, ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. पण ४००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक एकर. कोथरूडमधली कुठली जुनी सोसायटी एक एकराची आहे? म्हणजे स्टेशनच्या वर्तुळात जिथे या नियमाचा खरा उपयोग झाला असता, तिथेच तो लागू होत नाही. टीओडीचा जादा एफएसआय घेणाऱ्यासाठी ही मर्यादा खाली आणा, किंवा काही टक्के घरं छोटीच ठेवायची अट घाला. सवलत फुकट का द्यायची?

सिंगापूरमध्ये साधारण ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या (एचडीबी) घरांत राहतात, आणि रेल्वे स्टेशनपासून ४०० मीटरपर्यंत छप्पर असलेल्या पायवाटा त्यांनी मुद्दाम बांधत नेल्या. घर आणि वाट दोन्ही एकाच हिशोबात धरली. आपली परिस्थिती वेगळी आहे, मान्य. पण इतकं लांब जायचीही गरज नाही. जंगली महाराज रस्त्यावर जा. रुंद, सपाट फुटपाथ, बसायला बाक, झाडांना न तोडता केलेली आखणी. संध्याकाळी आजी-आजोबा तिथे निवांत बसलेले दिसतात. २०१६ मध्ये या शहराने स्वतःचं पादचारी धोरणही केलं. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं की चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी आणि फुटपाथच्या कडेची रस्त्यापासूनची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. माहिती आहे, नमुना आहे, धोरण आहे. तरी तो एक रस्ता दाखवायला राहिला.

'फुटपाथ मोठे केले की फेरीवाले बसतात', हे ऐकून मला आता राग येतो. बसू देत की, आखून दिलेल्या जागेत. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यासाठीच आहे. घरी परतताना वाटेत कोथिंबिरीची जुडी मिळाली तर लोक जास्त चालतात, कमी नाही. शिवाय अंधार पडल्यावर मुलींना त्या वर्दळीचाच आधार वाटतो.

माझी मागणी अगदी साधी आहे. ज्या स्टेशनच्या वर्तुळातून प्रीमियम गोळा होतो, त्यातला ठरलेला हिस्सा आधी त्याच वर्तुळातल्या फुटपाथ, क्रॉसिंग आणि दिव्यांवर खर्च व्हावा, आणि तो किती जमला, कुठे गेला हे स्टेशनवर फलक लावून सांगावं.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते आपण करू. आमच्या करारात मी दोन कलमं घालायला लावणार आहे: गाड्यांचा उतार आमच्या हद्दीच्या आत संपवायचा, म्हणजे गेटसमोर फुटपाथ सपाट राहील, आणि कंपाउंडची भिंत एक मीटर आत घेऊन ती पट्टी चालणाऱ्यांना मोकळी ठेवायची. दोन शेजारी तयार आहेत, तिघांचा विरोध आहे, बाकीचे अजून विचार करतायत. तुमच्या सोसायटीने करारात असं काही घातलं असेल तर त्या कलमाचा मसुदा कमेंटमध्ये टाका. पुढच्या सभेआधी मला तो आमच्या वकिलांना दाखवायचा आहे.