नागपूरचं ऊन अन् ओझोनचं छिद्र, खरं काय ते

'नागपूरवर ओझोनला छिद्र पडलं म्हणून नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) पारा 45 च्या वर जाते' असा मेसेज ग्रुपवर फिरून राहिला, तो चूक आहे बाप्पा. ओझोन म्हणजे हवेत खूप उंचावरचा एका गॅसचा थर, त्याला छिद्र पडते ते अंटार्क्टिकावर, तेही सप्टेंबर-ऑक्टोबरात, अन् आपण मे महिन्यात तापतो कारण समुद्र दूर अन् वायव्येकडून कोरडे गरम वारे. ओझोन उष्णता नाही, उन्हातली अतिनील (यूव्ही) किरणं अडवते, थर विरळ झाला की त्वचेचा कॅन्सर, मोतीबिंदू वाढतात, म्हणून काळजी खरीच होती. जुन्या फ्रिज-एसीतल्या सीएफसी गॅसमधला क्लोरीन ओझोन तोडते, 1987 च्या मॉन्ट्रियल करारानं तो गॅस बंद होत गेला अन् थर हळूहळू भरून येऊन राहिला. दुपारी दुपट्टा मात्र बांधाच, छिद्र नसलं तरी आपल्याकडे उन्हाळ्यात यूव्ही भरपूर असते.