उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका, फॉरवर्ड काहीही म्हणो

"टायर बदलण्याआधी हे सात मुद्दे वाचाच, कंपनीवाले कधी सांगणार नाहीत" अशा मथळ्याचा एक मेसेज लातूर, नांदेड, जालन्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण हा आमच्या दाजींनी माझ्या भाच्याला पाठवला, आणि भाच्याने त्यातला पहिला मुद्दा अमलात आणून मला फोन केला: "मामा, चारी चाकांत हवा सव्वीसवर आणलीय. उद्या पहाटे समृद्धीने नागपूरला निघतो." गाडी कोणती, तर वापरलेली ऑक्टाव्हिया आरएस, संभाजीनगरजवळच्या आपल्या शेंद्र्यात जुळवलेली, २३० अश्वशक्तीची. सोबत बायको, लेकरं आणि डिकीभर सामान. त्याला तिथल्या तिथे पंपावर परत पाठवलं. पण तोच मेसेज वाचून आणखी किती जण सव्वीसवर निघाले असतील, या विचाराने चैन पडेना.

पहिला मुद्दा जसाच्या तसा असा: "मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो. सिमेंटच्या रस्त्यावर टायरमधली हवा फुगते व टायर फुटतो. म्हणून कंपनीने सांगितल्यापेक्षा ६ ते ८ पॉइंट हवा कमी ठेवा."

हवा तापली की दाब वाढतो, एवढं खरं. पण किती वाढतो, ते मेसेज लिहिणाऱ्याने मोजायला हवं होतं. सकाळी ३० अंशांना ३३ पॉइंट (पंपावरचा पीएसआय) भरलेला टायर चालून आतून ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब ३८ च्या आसपास जातो. बहुतेक कारच्या टायरवर बाजूला कमाल दाब ४४ किंवा ५१ असा छापलेला असतो, आणि तोसुद्धा थंड टायरचा. म्हणजे तापून वाढलेला दाबही त्या आकड्याच्या खालीच राहतो. गाडी बनवणाऱ्याने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि चालताना होणारी वाढ त्यात आधीच धरलेली असते. तुम्ही पुन्हा वेगळी वजावट करायची नसते.

टायर फुटतो तो बहुतेकदा हवा कमी असल्यामुळे. हवा कमी असली की टायरची बाजू जमिनीला टेकताना जास्त दबते आणि वर गेली की सुटते. १७ इंची चाकाच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर. समृद्धीवर ताशी १२० ने जाताना मिनिटाला दोन किलोमीटर कापले जातात, म्हणजे मिनिटाला हजार फेरे. बांधकामाची तार हाताने वाकवून सरळ करत राहिलं की ती वाकते तिथेच गरम होते, तसं रबर आतून तापत जातं. बाहेरचं ऊन त्यात भर घालतं, पण मुख्य उष्णता टायर स्वतःच तयार करतो. जालन्याहून नागपूर गाठेपर्यंत ही वाकवणूक न थांबता चालू राहते. शेवटी रबर आणि आतल्या पोलादी पट्ट्यांची पकड सुटते आणि वरचा थर सोलून निघतो. बघणारे म्हणतात, "उन्हाने हवा फुगली आन् फुटला." तिथूनच हा गैरसमज जन्मतो आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी हवा काढायला लावतो.

याचा दाखला हवा असेल तर फायरस्टोनचं प्रकरण बघा. अमेरिकेत फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोन टायर जोरात चालताना सोलून निघत आणि गाड्या उलटत. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने तब्बल ६५ लाख टायर परत मागवले. या अपघातांशी तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २७१ मृत्यू जोडले. फोर्डने त्या गाडीसाठी सुचवलेला दाब होता २६. हो, सव्वीसच. फायरस्टोनने नंतर ३० ठेवायला सांगितलं. सरकारी तपासात मुख्य दोष टायरच्या पट्ट्यांच्या बांधणीत निघाला, सगळं खापर हवेवर फोडता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण टायर निकामी होण्याचे प्रकार कुठे जास्त घडले? ॲरिझोना, टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा या तापणाऱ्या राज्यांत, लांबच्या वेगवान रस्त्यांवर. उष्णता, वेग, भरलेली गाडी आणि कमी हवा असलेला टायर. आपल्याकडचा मेसेज नेमक्या याच चार गोष्टी एकत्र करायला सांगतोय.

ताकदवान गाडीत हे जास्त धोक्याचं का, तेही सांगतो. तिच्या टायरची बाजू बुटकी असते. साध्या गाडीचा उंच टायर हवा कमी झाली की खाली फुगलेला दिसतो. ४५ किंवा ४० च्या, म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या तेवढे टक्के असलेल्या टायरमध्ये २६ आणि ३३ डोळ्यांना सारखेच दिसतात. लाथ मारून हवा तपासणाऱ्यांनी तर या गाडीला हातच लावू नये. शिवाय टायरवरचा भाराचा आकडा, समजा ९४, म्हणजे एका टायरवर ६७० किलो, हा पूर्ण दाबावरचा असतो. हवा काढली की भार पेलायची ताकदही उतरते. ऑक्टाव्हियात पेट्रोलच्या झाकणामागे तक्ता चिकटवलेला आहे. त्यात माणसं आणि सामान भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा आहे, आणि तो जास्त आहे, कमी नाही. मेसेज बरोबर उलटं सांगतो.

आणि कृपा करून भर दुपारी, गाडी चालवून आल्यावर, पंपावर ३८ दिसले म्हणून ३३ पर्यंत हवा सोडू नका. रात्रभर गाडी गार झाली की तिथे २९ च्या आसपास उरतात. हवा सकाळी, थंड टायरवर बघायची.

सिमेंटच्या रस्त्याला शिव्या देणंही बंद करा. सिमेंट डांबरापेक्षा फिकं असतं, ऊन जास्त परत फेकतं, त्यामुळे डांबराइतकं तापत नाही. समृद्धीवर टायर जातात ते तासन् तास एकसारख्या वेगामुळे. गावच्या रस्त्यावर ६० ने कसाबसा चाललेला थकलेला टायर तिथे उघडा पडतो. आरटीओवाल्यांनी समृद्धीच्या नाक्यांवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या होत्या, त्या उगाच नाही.

यानंतर सगळ्यात चीड आणणारा मुद्दा पाचवा: "मोठ्या गाडीचे नवे टायर महाग पडतात, त्यापेक्षा परदेशातून आलेले वापरलेले टायर घ्या, रबर मऊ असते, पकड जबरदस्त." मोह का होतो ते मला कळतं. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली, आणि मोठ्या, रुंद मापांचे टायर मिळेनासे झाले किंवा महागले. त्या फटीत हा जुना माल शिरतो. पण रबर मऊ आहे ते कशामुळे? थंड देशांतले बरेच टायर हिवाळी असतात, सात अंशांच्या खालच्या थंडीत कडक होऊ नयेत म्हणून बनवलेले. बाजूला डोंगर आणि त्यात बर्फाचा कण असं चिन्ह दिसलं तर तो टायर बर्फासाठी आहे. परभणीच्या मे महिन्यात तो लोण्यासारखा झिजेल आणि ब्रेक मारल्यावर गाडी लवकर थांबणार नाही. बाजूला आतून मारलेली ठिगळं काळ्या पॉलिशखाली दिसत नाहीत, ते वेगळंच.

"वेगमर्यादा १२० आहे, मग वेगाचं अक्षर कोणतंही चालेल" हा तिसरा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे, आणि ते नाइलाजाने मान्य करतो: टायरवर छापलेलं टी म्हणजे जास्तीत जास्त ताशी १९०, एच म्हणजे २१०, त्यामुळे १२० ला टी अक्षराचा चांगला टायर लगेच फुटणार नाही. पण व्ही (२४०), डब्ल्यू (२७०) ही अक्षरं नुसता वेग सांगत नाहीत. उष्णता सोसण्यासाठी त्या टायरची बांधणीच वेगळी असते, आणि सहसा बाजूही जास्त ताठ असते. २३० अश्वशक्तीची गाडी ओव्हरटेक करून परत लेनमध्ये येते तेव्हा, किंवा समोर नीलगाय आली म्हणून चालक जोरात ब्रेक मारतो तेव्हा, हा ताठपणा लागतो. मूळ अक्षर किंवा त्याच्या वरचं घ्या. भाराचा आकडाही मूळचा किंवा वरचाच.

बाकीचे झटपट उरकतो. नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही, म्हणे: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दुकानातला नायट्रोजन कोरडा असतो, थोडा सावकाश गळतो, फुकट मिळाला तर भरा. त्याने टायर फुटायचा थांबत नाही. रुंद टायर बसवा, म्हणे: कोरड्या रस्त्यावर पकड वाढते, बरोबर, पण पावसात साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो, आणि आपल्याकडे पाऊस येतो तेव्हा रस्त्यावरून ओढाच वाहतो. टायरच्या बाजूला छापलेल्या, तो कधी बनला हे सांगणाऱ्या चार अंकी तारखेचा मुद्दा एकमेव सरळ आहे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दुकानात "नवाच आहे" म्हटलं तरी हा आकडा स्वतः वाचा.

आणि "दोनच नवे घ्यायचे तर पुढे लावा, कारण इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते" हे चूक आहे. नवी जोडी मागे. पुढचं चाक पाण्यात घसरलं तर स्टेअरिंग हलकं होऊन हाताला कळतं, पाय उचलला की बहुतेकदा गाडी सावरते. मागचं घसरलं तर गाडी फिरते आणि तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. जुनी जोडी पुढे ठेवायच्या लायकीची नसेल तर चारही बदला. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण अशा गाडीत मी पावसाळ्याआधी तीनच्या खाली जाऊ देणार नाही.

तुमचं माप लातुरात किंवा बीडमध्ये मिळत नसेल तर दुकानदार जे पुढे करेल ते बसवू नका. झाकणामागच्या तक्त्यावरचं पूर्ण माप लिहून घ्या, उदाहरणार्थ २२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू, त्यातलं एकही अक्षर न गाळता. आयएसआय खूण असलेला टायर संभाजीनगर किंवा पुण्याहून मागवा, आणि तो येईपर्यंत जुन्या टायरवर पूर्ण हवा ठेवून ऐंशीच्या आत चालवा.